शुक्रवारचे शेरे

मोंतेविदेओच्या एका साप्ताहिकात, पान एकोणीस,
उजवा कोपरा माझा. एकतीस वर्षं.
कुणाच्या आयुष्याची तीन वर्षं, कुणाची सात,
दर शुक्रवारी मी नव्वद शब्दांत निकालात काढतो.

‘मेंढपाळावरचा माहितीपट. मेंढ्या सहज वावरतात.
दिग्दर्शक तेवढा सारखा कळपाच्या आड येतो. दोन तारे.’

‘पहिलाच चित्रपट. सोडून गेलेल्या बाईसाठी
माणसाने खिडकीत उभं राहून सिगरेट ओढणं
आता कायद्याने बंद व्हावं. एक तारा.’

‘ब्राझीलच्या सीमेवरची नर्स. ती बोलत नाही,
सुया उकळते, घड्याळ बघते, पुन्हा उकळते.
जा आणि बघा. चार.’

पाचवा तारा मी कुणाला दिलेला नाही.
तो कशासाठी राखून ठेवलाय, हे मलाही ठाऊक नाही.

एचेपारेची लेखणी म्हणजे वस्तरा, असं लोक म्हणत
आणि मला ते आवडे.
वडील ला तेखात न्हावी होते, वस्तरा घरातलाच.
ते म्हणायचे, गिऱ्हाइकाला बोलतं करू नये,
मान हलते.
म्हणून मी कधी कुठल्या दिग्दर्शकाला भेटलो नाही.

मार्चमध्ये घराची किल्ली कुलपातच मोडली.
गोएसमधल्या एका टपरीवजा दुकानात
चष्मा कपाळावर सारून एक बाई किल्ल्या कापत होती,
यंत्राच्या किंचाळण्यात शेजारचा मातेचा थर्मास थरथरत होता.
पावतीसाठी नाव विचारलं.
सांगितलं.
पेन जरासं थांबलं, मग तिने लिहिलं,
एकही अक्षर न चुकता.
आमचं आडनाव सहसा कुणाला धड लिहिता येत नाही.

पावतीवर खाली छापलेलं: मि. बोर्दागोरी.

बसमध्ये आठवलं.
‘लोकर धुणारे’. एकोणीस वर्षांपूर्वी.
बंद पडत चाललेल्या गिरणीचा शेवटचा हिवाळा.
माझा शेराही आठवला, शब्द न् शब्द:
‘विषय सोन्यासारखा.
पण कॅमेरा धरणाऱ्याला आधी कुणीतरी खुर्चीत बसवा. एक तारा.’
तेव्हा त्या वाक्यावर संपादक मोठ्याने हसले होते.
त्या बाईंचा दुसरा चित्रपट आला नाही.

संग्रहालयातल्या ऑफेलियाने डबा शोधून दिला,
धूळ झटकत म्हणाली, हा कुणी मागितल्याचं आठवत नाही.
एकसष्ट मिनिटं. हॉलमध्ये मी एकटा.
कॅमेरा हलतो. खरंच हलतो. मी खोटं लिहिलं नव्हतं.
वाफ हलते, हौद हलतो, ओल्या लोकरीचे ढीग
बोटीतून पाहावेत तसे वर-खाली होतात.
मग त्रेचाळिसाव्या मिनिटाला
फरशीवरच्या पाण्यात क्षणभर दिसतं, चित्रण कोण करतंय ते:
रबरी बूट घातलेला एक म्हातारा,
आणि त्याच्या कोपराखाली
तिचा हात.

पुढे पडद्यावर नावं आली.
छायाचित्रण: इग्नासिओ बोर्दागोरी,
धुलाई खातं, अडतीस वर्षं.
तेव्हा मी नावांआधीच उठलो असणार.
शेवटची बस अकरा दहाला असायची.

त्या रात्री नव्वद शब्द लिहून बघितले.
थरथर हीच या चित्रपटाची भाषा आहे, वगैरे.
वाचून लाज वाटली, आधीच्यापेक्षा जास्त.
हात थरथरत होता, एवढंच.
त्याला कॅमेरा हवा होता, आणि तिने दिला.
याला तारे किती द्यायचे?

आता दिवे लागेपर्यंत बसतो.
झाडूवाला पोरगा माझ्या पायांभोवतीने झाडून घेतो.
एवढ्याने चित्रपट चांगले झालेत असं नाही,
गेल्या शुक्रवारीही दोघांना एकेकच तारा दिला
आणि त्यावर मी ठाम आहे.

किल्ली नीट बसत नाही.
निघताना ती म्हणाली होती, अडली तर आणा,
घासून देईन, त्याचे पैसे नाहीत.
अजून गेलो नाही.
रोज संध्याकाळी दार खांद्याने जरासं उचलून धरतो,
मग ती फिरते.